वरचे साहेब

शिडी अर्धी चढून झाली आणि त्याला श्वासच पुरेना. वर क्रेनची केबिन, खाली बांधकामावरची माणसं मुंग्यांएवढी. गजाला मिठी मारून तो तसाच उभा राहिला. छातीत सुरी खुपसावी तशी कळ आली.

“काय वरचे साहेब, तिथेच मुक्काम का?” खालून मुकादम ओरडला. क्रेन चालवतो म्हणून सगळे त्याला वरचे साहेब म्हणत. एरवी त्याने चारचौघांत न सांगण्यासारखं उत्तर दिलं असतं. आज तो एकेक पायरी चाचपत उतरला आणि सिमेंटच्या गोण्यांवर बसला. त्याचे निळे पडलेले ओठ पाहून मुकादमाची थट्टा थांबली. त्याने इस्पितळात न्यायला गाडी काढायला लावली.

डावी पोटरी बरेच दिवस ठणकत होती, सुजून टणक झाली होती. बायकोने टोकलं की “लचकलीय,” म्हणून तो वेळ मारून न्यायचा. दिवसभर केबिनमध्ये पाय मुडपून बसायचं आणि लघवीला उतरावं लागू नये म्हणून पाण्याला शिवायचं नाही, ही त्याची जुनी खोड. तिचा त्याला अभिमानही होता.

“पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तिचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला.”

“पण कुठं लागलं नाही, कापलं नाही. रक्त गोठलंच कसं?”

“जखम झाली की रक्तात बारीक धाग्यांचं जाळं तयार होतं. त्यात रक्तपेशी अडकतात नि वाहणं थांबतं. तुमचं रक्त पायात साचून राहिलं, तिथं जखम नसतानाच जाळं धरलं.”

“मग ती गाठ विरघळवायचं औषध द्या ना.”

“असतं तसं, पण त्याने भलतीकडे रक्तस्राव होऊ शकतो. जिवावर बेतलं तरच देतो. या गोळ्या गाठ वाढू देत नाहीत. जाळं तोडायचं काम शरीर स्वतः करतं. सावकाश. महिने लागतील.”

महिने! टनभर लोखंड बोटाच्या इशाऱ्यावर फिरवणाऱ्या माणसाला शरीरातला एवढासा गोळा जागचा हलवता येईना. आणि तो हलेल याचीच धास्ती. घरी आल्यावर त्याचा जीव थाऱ्यावर राहीना. खुर्चीत बसला की पोटरी दाबून बघायचा. शिंक आली तरी छातीवर हात जायचा. खिडकीपाशी जायचा, परत यायचा.

“अहो, किती चाचपाल? ती काय, पिकलाय का बघायला आंबा आहे?” बायको म्हणाली.

“तुला चेष्टा सुचतेय. आत काय चाललंय, कळतंय का काही?”

“नाही कळत. तुम्ही आत बाथरूममध्ये असलात की मी दाराशी उभी असते, ते तुम्हाला कळतं का?”

त्याने पोटरीवरचा हात काढून घेतला. म्हणाला, “चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ.” ती चपला शोधायला लागली.

पुढच्या तपासणीत फुप्फुस मोकळं झालेलं दिसलं. पायातली शीर मात्र आतून खरवडल्यासारखी राहिली होती. गोळ्या चालूच ठेवायच्या होत्या. “वरून पडलात, डोक्याला मार लागला, तर रक्त लवकर थांबणार नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “क्रेन विसरा.”

मुकादमाने त्याला खाली उभं राहून इशारे द्यायचं काम दिलं. वर आता दुसरा माणूस होता.

पहिल्याच दिवशी सळयांचा भारा वाऱ्याने डुलायला लागला. कामगार मागे सरले. त्याने तळहात उंच धरला, भारा थांबला. डुलणं शमेपर्यंत त्याने हात हलवला नाही. मग दोन बोटांनी हवा दाबत दाबत भारा खाली घेतला. तो टेकला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.

“सोडा,” तो म्हणाला. कामगारांनी साखळी काढली. रिकामा हूक वर जायला लागला, आणि तो कपाळावर हात आडवा धरून त्याच्याकडे बघत राहिला, मान अवघडेपर्यंत.