वसूलदार उठला नाही

चैत्रातल्या यात्रेच्या दिवशी सकाळी नऊ वाजता तांबकडे गावाच्या वेशीत सुलतानाचा वसूलदार खाली बसला आणि उठला नाही.

उठायला हवं होतं. तिसऱ्यांदा नकार मिळाला की वसूलदारानं पाठ न दाखवता मागं मागं सरत ओढ्यापलीकडं जायचं, गावानं त्याच्यावर राख उधळायची, आणि वाट मोकळी झाली की भैरोबाची पालखी वेशीतून बाहेर काढायची, ही शिराळा तालुक्यातल्या ह्या गावची रीत. पालखीला पहिला खांदा देशमुखांचा. तो मान कशासाठी, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. बिदरच्या सुलतानानं दुष्काळात थकबाकीसह सगळी पट्टी मागितली. रायाजी देशमुख वेशीत उभे राहिले आणि म्हणाले, पेव रिकामं आहे. पेव म्हणजे धान्य साठवायचं जमिनीतलं भुयार. पुढं सुलतानानं रायाजींना बिदरला नेलं आणि त्यांचं डोकं उडवलं. पण गावानं पट्टी दिली नाही.

रायाजींचा आजचा वंशज विश्वजीत देशमुख अडतीस वर्षांचा होता. ओढ्याकाठी त्याची उसाच्या रोपांची मोठी नर्सरी होती. वडील भाऊसो दोन वर्षांपूर्वी गेले, त्यामुळं वेशीत उत्तर द्यायची त्याची ही दुसरीच खेप. फेटा नीट बसला होता, आवाजही लागला होता. "पेव रिकामं हाय, पट्टी न्हाई!" असं तो तिसऱ्यांदा गरजला, हलगी कडाडली, पोरांनी राख उधळली. राख खाली बसली तेव्हा समोरचा माणूस मांडी घालून बसलेला दिसला.

वसूलदार होण्याचं काम शेवाळ्यांच्या घराकडं. गेल्या सालासारखे ह्या सालीही नाथाजी शेवाळे होते. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, साठी ओलांडलेली, पाठ अजून सरळ. डोक्यावर वसूलदाराचं काळं पागोटं, मिशांवर राख.

"सुभेदार, उठा की," कुणीतरी हसत ओरडलं. "पेन्शन मिळतीया न्हवं? अजून सुलतानाची नोकरी कशाला?"

"राजीनामा मंजूर झाला न्हाई," नाथाजी म्हणाले.

लोक हसले. विश्वजीतही हसला. पाच मिनिटं गेली आणि हसणं थांबलं.

तो पुढं गेला. "काय झालं? पाय धरला का?"

"पाय ठणठणीत हाईत. गेल्या साली पागोटं कुणी उतरवलं, देशमुख?"

विश्वजीतला आधी प्रश्नच कळला नाही. "आमचा गडी धुळा आला होता की न्यायला."

"आला हुता. ट्रॅक्टर चालू ठेवून दारात उभा ऱ्हायला. म्हणला, मालकांनी पागोटं मागितलंय. मी काढलं, दिलं. पागोटं गेलं. वसूलदारी ऱ्हायली माझ्याकडंच. वरीसभर हाय. मग मी वसूलदार हाय, तर पट्टी घेतल्याबिगर उठू कसा?"

आता विश्वजीतला आठवलं. यात्रेनंतर तिसऱ्या दिवशी भाऊसो पहाटे अनवाणी शेवाळ्यांच्या घरी जायचे आणि वसूलदाराच्या डोक्यावरचं पागोटं आपल्या हातानं सोडवून आणायचे. बरोबर पुरणपोळीचा डबा असायचा. ह्याचा गाजावाजा नसे. विश्वजीत तेव्हा कधी पुण्यात असे, कधी अंथरुणात. पण देशमुख शेवाळ्यांच्या उंबऱ्यावर जाऊन आले, हे उजाडायच्या आत गावभर झालेलं असे, आणि त्या क्षणापासून शेवाळ्यांना कुणी चिडवत नसे. गावाची जीभ बंद करायची ती रीत होती.

गेल्या साली ती बंद झालीच नव्हती.

पालखी देवळात अडकली. बसलेल्या वसूलदाराला ओलांडून देव जात नाही, आणि वसूलदार वेशीत असेतो देशमुखांच्या घरात चूल पेटत नाही, असे दोन नियम. दुसऱ्या नियमाची आठवण कुणाला कधी करावी लागली नव्हती, कारण एरवी सगळा प्रकार अर्ध्या तासात आटपायचा. आता विश्वजीतच्या घरी साताऱ्याहून, सांगलीहून आलेले साठेक पाहुणे मांडवात बसले होते आणि परड्यात बोकड दावणीला तसाच होता.

"बोकडानं नवस बोललावता वाटतं," एक पाहुणा पुटपुटला. अकरा वाजेपर्यंत तीन गाड्या हळूच इस्लामपूरच्या रस्त्याला लागल्या. जेवायला चाललो असं कुणी म्हणालं नाही.

विश्वजीत घरी आला, पाणी न पिता परत वेशीत गेला, पुन्हा घरी आला. संयोगिता, त्याची बायको, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आत भिजवलेली डाळ फुगून पातेल्याच्या काठाला आली होती.

"तुला ठाऊक होतं?" त्यानं विचारलं.

"पागोट्याचं? मामंजींचा डबा मीच भरायचे."

"मग सांगायचंस."

"सांगितलं होतं. गेल्या साली, तिसऱ्या दिवशी. तुम्ही फोनवर होता. हातानंच खूण केलीत, धुळ्याला पाठवतो म्हणून." तिनं आत डाळीच्या पातेल्याकडं पाहिलं. "मीही परत बोलले नाही. बोलायला हवं होतं."

तो उंबऱ्यावरूनच वळला.

वेशीत आता बाळासो देशमुख उभा होता. विश्वजीतचा चुलतभाऊ, घराण्याच्या धाकट्या पातीचा, म्हणजे शाखेचा. धाकट्या पातीला पालखीचा दुसरा खांदा, आणि पहिल्या खांद्यावरून त्यांचं कधीच पटलं नव्हतं.

"तू हात जोडायला चाललायस का काय?" बाळासोनं विचारलं.

"घरी नेऊन उतरवतो पागोटं. संपलं."

"घरी ने, न्हाईतर काशीला ने. हितं हात लावू नगंस. वेशीत वसूलदाराच्या पागोट्याला देशमुखाचा हात लागला म्हणजे पट्टी कबूल. लहानपणापास्नं ऐकतोय न्हवं आपण? ही एवढी माणसं मोबाईल धरून उभी हाईत. रायाजींचं डोकं गेलं आणि तू हितं बोटं लावून मोकळा हुणार? मग खांदा आमी घेतू, वाईट वाटून घिऊ नगंस."

विश्वजीत नाथाजींसमोर उकिडवा बसला. त्यानं आवाज खाली आणला. "सुभेदार, चुकलं माझं. चला घरी. तुमच्या घरी. आत्ता येतो, अनवाणी येतो. काकूंच्या समोर उतरवतो."

"घरात उतरवायचं ते गेल्या सालाचं हुतं. येळ गेली त्येची."

"मग तिसऱ्या दिवशी येतो. रीतीप्रमाणं."

"आवं, रीतीचं तुमी मला सांगताय?" नाथाजींच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्यामुळंच विश्वजीतला बसवेना. "भाऊसोंनी तुमाला पुढचं सांगितलं न्हाई काय? पेव भरल्यालं हुतं. वसूलदाराला ठाव हुतं. घोडी वेशीत दाण्याच्या वासानं खूर आपटाया लागली, त्येला कळंना व्हय? तरी त्यो माघारी गेला आणि सुलतानाला म्हणला, रिकामं हाय. त्येची नोकरी गेली. कुठं जावं कळंना, म्हणून हितंच येऊन ऱ्हायला. शेवाळे गावात आलं ते असं. दरसाली देशमुख येतो, डोईवरचं वझं उतरवतो, ते त्येच्यापायी."

विश्वजीतनं मान वर केली. हे त्यानं कधीच ऐकलं नव्हतं. खरं-खोटं कुणी सांगावं? पण भाऊसो चाळीस वर्षं अनवाणी कशाला जात होते, ह्याला दुसरं उत्तर त्याच्याकडं नव्हतं.

"वरीसभर डेअरीत दूध घालाया गेलं की पोरं म्हणायची, पट्टी आली, पट्टी आली," नाथाजी म्हणाले. "मी गडी माणूस, खपवून घेतलं. पण सांगलीला माझ्या शिवांजलीच्या हळदीत कुणीतरी माझा राखेतला व्हिडिओ लावला. मोठ्या पडद्यावर. 'सुलतानाचा सासरा' म्हणून. पाव्हणं हसलं. नवरदेव बी हसला. पोरगी त्येच्यामागं माहेराला आली न्हाई." त्यांनी गर्दीवरून नजर फिरवली. "गावासमोर राख टाकलीसा, गावासमोर उतरवा. हितं. न्हाईतर बसतो."

दुपारी ऊन वेशीच्या कमानीखालीही शिरलं. कुणी म्हणालं पोलीस बोलवा. ह्यावर नाथाजीच हसले आणि म्हणाले, बोलवा, माझ्याच पलटणीतला हवालदार हाय तिथं. देवळाचे गुरव तात्या दोनदा येऊन गेले. दोन्ही खेपेला त्यांनी आधी नाथाजींकडं पाहिलं, मग विश्वजीतकडं, आणि देवळाकडं परतले. विश्वजीत कमानीपासून पारापर्यंत चालत होता, परत येत होता. पागोट्याला हात लावला तर गेला तो मान, ज्याच्यासाठी हे सगळं उभं होतं. नाही लावला तर तोच मान घेऊन उद्या त्यानं कुणाच्या डोळ्याला डोळा द्यायचा?

दीडच्या सुमाराला त्याला एक युक्ती सुचली. सुचल्यावर हायसं वाटलं, हेच पुढं त्याला खुपलं. त्यानं शिवांजलीला फोन लावला.

"शिवांजली, वडील उन्हात बसलेत. सकाळपासून अन्न नाही पोटात. तू आलीस तर उठतील."

पलीकडून ती म्हणाली, "येते."

ती चारनंतर एसटीनं आली. पिशवी हातात, डोक्यावर पदर, चेहरा प्रवासानं उतरलेला. गर्दीनं वाट दिली. बाळासोही सरकला. ती वडिलांसमोर उभी राहिली. नाथाजींनी वर पाहिलं आणि दिवसभरात पहिल्यांदा त्यांचा हात मांडीवरून हलला.

"आलीस?"

"व्हय, आण्णा."

तिनं पिशवी खाली ठेवली, पदरानं त्यांच्या मिशांवरची राख पुसली आणि त्यांच्या शेजारी मातीत बसली.

"आता दोन झालं," गर्दीतून कुणी बोललं. कुणी हसलं नाही.

विश्वजीत पुढं आला. "अगं, मी तुला..."

"त्यांना उठवायला बोलावलंत, दादा. कळलं मला." शिवांजली त्याच्याकडं सरळ पाहत होती. "सांगलीत हळदीच्या दिवशी तुमी पंगतीत होता. दुसऱ्या रांगेत. पडद्यावर आण्णा दिसले, तवा तुमी उठला न्हाई. मी कशाला उठवू?"

तो होता. व्हिडिओ लागला तेव्हा त्याच्या ताटात नुकताच भात वाढला होता. आजूबाजूचे हसले, त्यानं मान खाली घातली आणि भात कालवला. ते त्याला अगदी ताटाच्या काठासकट दिसलं.

त्यानं चपला काढल्या. माती तापलेली होती. गर्दीतले मोबाईल वर आले आणि बाळासो मोठ्यांदा म्हणाला, "विश्वजीत, हात लागला तर खांदा आमचा. सगळ्यांदेखत सांगतोय." धाकट्या पातीची चार माणसं देवळाकडं निघालीसुद्धा.

विश्वजीत बापलेकीच्या समोर जाऊन मांडी घालून बसला.

"पट्टी, देशमुख," नाथाजी म्हणाले. आवाज रीतीतलाच, पण हळू.

विश्वजीतनं तोंड उघडलं. सकाळी तीनदा गरजलेलं उत्तर ओठावर आलं नाही. पेव भरलेलं होतं हे ऐकल्यावर ते रिकामं आहे असं ह्याच माणसाच्या तोंडावर कसं म्हणायचं? दुसरं उत्तर कुणी त्याला शिकवलेलं नव्हतं. त्यानं हात मांडीवर ठेवले. बोटं एकमेकांत अडकवली.

संयोगिता कळशी घेऊन आली. आधी तिनं शिवांजलीला पाणी दिलं, मग नाथाजींना. नाथाजींनी घेतलं. नवऱ्यासमोर तिनं तांब्या ठेवला आणि ती पारावर जाऊन बसली.

सूर्य डोंगराआड गेला तोवर अर्धी गर्दी पांगली होती. देवळात तात्यांनी गाभाऱ्याला आतून कडी घातली होती आणि धाकट्या पातीची माणसं पालखीसाठी बाहेर दार वाजवत होती. देशमुखांच्या घरी चूल पेटली नव्हती. वेशीत तिघं बसून होते. विश्वजीतचा तांब्या भरलेला होता आणि काळं पागोटं नाथाजींच्या डोक्यावर होतं.