घोडा चालत येतो

"थांबव," म्हणत दोलोत आगायांनी हात वर केला आणि पडद्यावरचा घोडेस्वार उतारावरच खिळला.

चित्रपट संस्थेच्या परीक्षेच्या खोलीत परीक्षक तिघंच. मधल्या खुर्चीवर आगाय, म्हणजे संस्थेतले सगळ्यांत जुने सर. उजवीकडे विभागप्रमुख झुरा एजे, म्हणजे झुराताई. डावीकडे टीव्ही वाहिनीतून पाहुणा म्हणून आलेला आदिस, आगायांचाच जुना विद्यार्थी. ड्रोन उडवण्यात बिश्केकमध्ये त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. समोर हातात रिमोट घेऊन उभी होती तिसऱ्या वर्षाची सिर्गा, डोंगराळ आत-बाशीकडच्या एका खेड्यातली. उघड्या खिडकीतून पॉप्लरचा कापूस आत येत होता आणि आदिस तो सारखा बाहीवरून झटकत होता.

"किती वेळ चालतोय हा घोडा?" आगायांनी विचारलं.

"बावीस सेकंद, आगाय."

"आणि अजून किती चालणार?"

"अठरा."

आदिसला हसू आवरेना. "तीन मिनिटांचं गाणं, त्यात चाळीस सेकंद नुसती चाल! घोडं वाटेत कुठं पेंड खातंय का गं?"

सिर्गा हसली नाही. तिनं रिमोट दुसऱ्या हातात घेतला.

दोलोत आगायांचा नियम संस्थेच्या शिपायालाही पाठ होता. आधी पन्नास बघा, मग कॅमेऱ्याला हात लावा. डोंगरातल्या गाण्याची क्लिप करायची आहे ना, मग तसल्या पन्नास क्लिपा बघायच्या, वहीत तक्ता आखायचा आणि कुणी केली, कधी केली, तिच्यात काय काय आहे ते लिहायचं. बहुतेकांत जे सापडतं ती रीत. रीत पाळा नाहीतर मोडा, पण ती कुठून सुरू झाली हे शोधून काढा आणि मोडलीत तर कारण द्या. मूळ सापडलं नाही तर वही अपुरी, सप्टेंबरात परत या. या नियमापायी त्यांनी एका मंत्र्याच्या भाच्यालाही परत पाठवलं होतं आणि ते दर वर्षी नव्या मुलांना आवर्जून सांगितलं जाई.

त्याहून आवर्जून सांगितली जाई ती त्यांच्या घोड्याची गोष्ट. एकतीस वर्षांपूर्वी, पेट्रोलही मिळत नव्हतं त्या दिवसांत, दोलोत नावाच्या सत्तावीस वर्षांच्या पोरानं उसना कॅमेरा घेऊन डोंगरातलं सोन-कुल सरोवर गाठलं होतं. गाणं होतं आईकडे परतणाऱ्या मुलाचं. स्वार क्षितिजावरून निघतो तो भरधाव थेट तंबूच्या दारापर्यंत येतो, धुळीचा लोट उठतो, आई धावत बाहेर येते. सगळ्या देशानं ती क्लिप बघितली. त्यानंतर जो उठला त्यानं तिचीच री ओढली. आजही लग्नात कुणी ना कुणी आगायांना गाठून विचारी, "तो घोडा तुमचाच ना?" आणि आगाय डोक्यावरची कल्पाक टोपी सावरून म्हणत, "माझाच." या अभिमानाची त्यांना कधी लाज वाटली नव्हती, आणि का वाटावी?

गोष्टीचा शेवट ठरलेला असे. त्या तंबूचा म्हातारा मालक म्हणाला होता, बाळा, असं येऊ नये. त्यावर तरुण दोलोतनं उत्तर दिलं होतं, अता, म्हणजे बाबा, हे आयुष्य नाही, सिनेमा आहे. यावर वर्ग खो खो हसे.

"तुझ्या पन्नासांत दौड किती?" आगायांनी विचारलं.

"सेहेचाळीस."

"आणि उरलेल्या चारांत?"

"दोनमध्ये मोटार आहे. दोनमध्ये घोडाच नाही."

"म्हणजे चालत येणारा घोडा एकही नाही. मग तुझाच का?"

सिर्गा पडद्याकडे वळली. "आगाय, मी आधी दौडच घेतली होती."

"मग?"

"आमच्याच उन्हाळी कुरणावर शूटिंग होतं. आईचं काम उलकान अपा करत होती, माझी काकू. ती आत बसणार, आवाज आला की बाहेर येणार, एवढंच तिला सांगितलं होतं. स्वार कसा येणार ते सांगायचं राहिलं. मला वाटलं, खरोखर दचकली तर बरंच. माझ्या चुलतभावानं घोडा सोडला. टापा ऐकून अपा बाहेर आली, त्याच्याकडे बघितलं आणि तोंडावर हात मारून खालीच बसली. विलाप सुरू केला तिनं. काकांचं नाव घेऊन."

झुरा एजे खिडकीबाहेर बघू लागल्या.

"चौदा वर्षांपूर्वी काकांची बातमी अशीच आली होती," सिर्गा म्हणाली. "आमच्याकडे दाराशी घोडा फेकत कुणी येत नाही, आगाय. माणूस गेलेलं असेल तरच येतात. एरवी लांबूनच लगाम खेचायचा, पावलं टाकत यायचं, खाकरायचं. लहान पोरालासुद्धा माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण पन्नास क्लिपा बघता बघता मी विसरले."

"आणि हे सगळं कॅमेऱ्यात आलं?" आदिस पुढे सरकला. "तो विलाप?"

"आलं होतं."

"मग ते कुठंय?"

"पुसून टाकलं."

"पुसून? अगं वेडे, असा शॉट जन्मात एकदा मिळतो!"

"तो मला मिळाला नव्हता, आदिस बाइके," सिर्गा त्याला थोरल्या भावाचा मान देत सावकाश म्हणाली. "अपा काकांसाठी रडत होती."

आदिस खुर्चीत मागे टेकला.

"मी सामान बांधायला घेतलं," ती सांगू लागली, "तर अपाच तोंड धुऊन आली. म्हणाली, गाण्यातला मुलगा धडधाकट येतोय ना? मग घाई कसली त्याला? लांबून आधी घोडा ओळखीन, मग त्याची बसायची ढब ओळखीन, मग तोंड दिसेल. तेवढा वेळ मला हवा. मी घड्याळ लावलं. चाळीस सेकंद लागले."

"पुढचं लाव," आगाय म्हणाले.

घोडा पुन्हा चालू लागला. तंबूच्या दारात उलकान अपा उभी होती. ती धावली नाही, रडली नाही. तिनं कपाळावर आडवा हात धरला. काही वेळानं तो हात खाली आला. खांदे सैल पडले. मग ती स्वाराकडे पाठ करून आत गेली, किमिझचा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, वाडगा घेऊन बाहेर आली आणि तो काठोकाठ भरलेला वाडगा सांभाळत तशीच उभी राहिली. घोडा चालतच होता.

दोलोत आगायांना पहिल्यांदा वाटला तो निखळ हेवा. त्यांच्या क्लिपेत आईला धावायला पाच सेकंद मिळाले होते. ती काय ओळखणार होती त्यात? हेवा ओसरला आणि त्याच्या जागी असा काही अभिमान भरून आला की त्यांना चष्मा काढावा लागला. ही पोरगी आपल्या वर्गात बसली होती. आपल्याच नियमानं चालली आणि आपल्या पुढे निघून गेली.

तेवढ्यात तिची वही चाळत असलेला आदिस ओरडला.

"आगाय, यात तुमची क्लिपच नाही!"

"काय?"

"बघा ना. पहिली ओळ १९९६ची. सोन-कुल नाहीच. डोंगरगाण्याच्या तक्त्यात सोन-कुल नाही, म्हणजे हद्द झाली. आणि इथं 'रीतीचं मूळ' म्हणून रकाना आहे, तो कोरा."

आगायांना ते लागलं, खोटं कशाला सांगा. सबंध देशाला माहीत असलेली क्लिप आणि आपल्याच विद्यार्थिनीला पन्नासांत घ्यावीशी वाटू नये? त्यांनी वही ओढून घेतली. अक्षर सुरेख होतं. एकेका क्लिपेचं गाव, साल, घोड्याचा रंगसुद्धा लिहिलेला. इतकं बारकाईनं काम करणारी मुलगी ती क्लिप विसरणं शक्यच नव्हतं.

मग त्यांना आठवलं. गेल्या महिन्यात ती दोनदा त्यांच्या दारात येऊन उभी राहिली होती. "काय गं?" म्हटल्यावर "काही नाही, आगाय," म्हणून निघून गेली होती. त्यांना वाटलं होतं, मुदत वाढवून मागायची असेल.

"मूळ सापडलं नाही का तुला?" त्यांनी विचारलं.

सिर्गानं मान खाली घातली.

"नियम तुमचाच आहे, आगाय," आदिस म्हणाला. त्याचा आवाज आता उतरला होता. "मूळ नाही तर वही अपुरी. क्लिप चांगली आहे, मी मान्य करतो. पण मग मंत्र्याच्या भाच्यानं काय घोडं मारलं होतं?"

"मी सप्टेंबरात येईन," सिर्गा घाईनं म्हणाली. जणू तिचं ते कधीच ठरलेलं होतं.

सबंध उन्हाळा वाया घालवायला निघालेली ही मुलगी. 'हे तुमच्यापासूनच सुरू झालं' हे एक वाक्य आपल्या तोंडावर बोलायला नको म्हणून. त्यांना सोन-कुलच्या त्या म्हाताऱ्याचा चेहरा आठवून बघावासा वाटला. आठवेना. त्याला दिलेलं उत्तर मात्र अक्षर न् अक्षर पाठ होतं.

"झुरा," त्यांनी हळूच विचारलं, "तुला ठाऊक होतं हे?"

"मी तलासची आहे, बाइके, डोंगरातलीच," झुरा एजे म्हणाल्या.

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही इतक्या अभिमानानं सांगायचात."

आगायांनी खिशातलं पेन काढलं. तक्त्याच्या वरच्या समासात, १९९६च्या डोक्यावर, एक नवी ओळ आखली आणि रकान्यामागून रकाना भरत गेले. सोन-कुल. १९९४. दिग्दर्शक दोलोत अर्तिकोव. घोडा काळा. तंबूच्या दारापर्यंत भरधाव. शेवटचा रकाना कारणाचा होता. तिथं पेन जरा वेळ थांबलं. मग त्यांनी लिहिलं, 'दिग्दर्शक शहरातला. जाणत्यानं सांगितलं होतं, ऐकलं नाही.' आणि 'रीतीचं मूळ' या कोऱ्या रकान्यात त्याच ओळीकडे नेणारा बाण काढला.

वही त्यांनी आदिसपुढे सरकवली. आदिसनं वाचलं. बाहीवर कापूस बसला होता, तो त्यानं झटकला नाही.

"आता पुरी झाली ना?" आगायांनी विचारलं. "पैकीच्या पैकी देणार होतो. पण पाच गुण कापतोय."

"कशाबद्दल?" झुरा एजेंनी विचारलं.

"माझी भीड ठेवली म्हणून. घरी ठेवावी, वहीत ठेवू नये." ते सिर्गाकडे वळले. ती रडत होती की हसत होती हे तिचं तिलाच माहीत. "इकडे ये. वाच. माझं अक्षर लागतंय का?"

तिनं वही हातात घेऊन वाचलं, दोनदा.

"लागतंय, आगाय."

"मग ठीक. झुरा, ही वही ग्रंथालयात ठेवायची. पुढल्या वर्षीच्या पोरांना पन्नास क्लिपांच्या आधी ही वाचायला लावायची." त्यांनी कल्पाक उचलून डोक्यावर नीट बसवला. "पहिली ओळ तर मीच वाचून दाखवीन."