घासून लख्ख केलेलं नोझल

काकूचा गुन्हा एवढाच, की तिला कळकट वस्तू हातात धरवत नाही.

वांग्यांवर अळी पडली होती. पाठीवरचा पंप काढून बघितला, तर नोझलचं भोक झिजून एवढं मोठं झालेलं, की फवाऱ्याच्या जागी नुसती धार. नवं त्याच मापाचं हवं, म्हणून काकूनं जुनं नोझल काढलं, राखेनं लख्ख घासलं, कमरेच्या पिशवीत टाकलं आणि दुकान गाठलं.

दुकान आरसेवाल्याचं. खतं, औषधं, अवजारं मिळायचं गावातलं एकुलतं एक ठिकाण. गिऱ्हाइकांवर नजर ठेवायला त्यानं कोपऱ्यात मोठा गोल आरसा लावला आणि तेव्हापासून गाव त्याचं खरं नाव विसरलं. आरसा लावून वर्ष झालं तरी एकही चोर सापडेना, त्यामुळे बिचारा कासावीस झाला होता.

काकूनं डब्यातलं एक नोझल उचललं, जुन्याशी लावून बघितलं. आटे जुळेनात. नवं डब्यात ठेवलं, जुनं पिशवीत. आरशात एवढंच दिसलं, की चकाकणारं पितळ पिशवीत गेलं.

"थांबा! पिशवी उघडा!"

"अहो शेट, माझंच आहे. मापाला आणलंय."

"जुनं? आणि इतकं चकचकीत?"

"घासलंय. भोक तरी बघा त्याचं."

"चोरानं मला माल शिकवायचा होय?"

दुकानात आम्ही पाच-सहा जण होतो. त्यातल्या प्रत्येकाच्या आजारपणात काकूनं जेवणाचे डबे पोचवलेले. गिरणीवालीनं आपली पिशवी हळूच जवळ ओढली. मी? मी फावड्याच्या दांड्याला चीर आहे का, ते मन लावून बघत राहिलो. खोटं कशाला सांगू.

नोझल जप्त होऊन डब्यात गेलं. दारावर कागद लागला, 'काकूला दुकानात परवेश नाही.' शाळेचे गुरुजी औषध घ्यायला आले, त्यांनी थांबून 'परवेश'चं 'प्रवेश' करून दिलं. मजकुराबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

मग काकू आणि तिची सून हातानं अळ्या वेचायला बसल्या. रोज दोन डबडी भरत, आणि दुसऱ्या दिवशी अळ्या तितक्याच.

"आई, मी आणते की जाऊन," सून म्हणाली. "बंदी तुम्हाला आहे, मला नाही."

"मला चोर म्हणणाऱ्याच्या दारात तू जायचं नाहीस. सगळी वांगी अळीनं खाल्ली तरी चालेल."

नवव्या दिवशी आरसेवाल्याचा मेहुणा दुकानात शिरला तो बोंबलतच.

"दाजी, हे नोझल दिलंत की नळ? फवारा कसला, म्हैस मुतल्यासारखी धार! औषध भसाभसा पडून मिरचीच्या चार ओळी जळाल्या माझ्या!"

"अरे, नवंकोरं दिलंय. डब्यातलं वरचंच होतं, चांगलं चकचकीत..." आरसेवाला बोलता बोलता अडखळला.

मेहुण्यानं नोझल फळीवर आपटलं. "नवं? भोकात काडी जाते काडी! आणि आट्यांत ही राख कुठली?"

दुकान भरलेलं होतं. सगळे आरशात बघत होते, कारण तिथे आरसेवाल्याचं तोंड भोपळ्यासारखं दिसत होतं, आणि लालबुंद.

संध्याकाळी तो नवं नोझल कागदात गुंडाळून काकूच्या वांग्यांत येऊन उभा राहिला. मी शेजारच्या बांधावरच होतो.

"काकू, गैरसमज झाला असेल तर..."

"असेल तर?"

"झाला."

"कुठं झाला?"

"दुकानात."

"मग इथं वांग्यांना कशाला सांगता? त्यांनी मला चोर म्हटलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऐन गर्दीत त्यानं फरशीकडे बघत माफी मागितली. कागद स्वतःच्या हातानं फाडला. काकू म्हणाली, "जरा तोंड वर करून बोला शेट, मागच्यांना ऐकू गेलं नाही." त्यानं परत मागितली. फुकट देऊ केलेलं नोझल काकूनं फळीवर ठेवलं, आपल्या मापाचं दुसरं विकत घेतलं आणि पावती मागून घेतली. गाव आठवडाभर हसत होतं. हसण्यात मीही पुढे होतो.

निम्मी वांगी हाती लागली.

काकू आता दुकानात जाते. ठसका तोच, घासाघीसही तीच. फक्त आत शिरली, की दोन्ही हात मागे बांधते आणि हवी ती वस्तू हनुवटीनं दाखवते. परवा मला म्हणाली, "ती दोरी काढून दे रे जरा."

दोरी तिच्या समोरच होती, हात रिकामे होते.

मी काढून दिली.