डाव्या कडेचं पाणी

मित्रांनो, मी पाट आहे, जुना. सौंदडच्या बाजूच्या एका गावात तलावाच्या पाळीखालून निघतो आणि धानाच्या बांध्यांना, म्हणजे बांध घातलेल्या शेतांना, पाणी नेतो. माझी डावी कड बधिर आहे. का, ते सांगतो. रडगाणं गाणार नाही, तेवढंही आता अंगात उरलेलं नाही.

मला कोहळी लोकांनी खोदलं, इकडचे तलाव बांधणारे तेच. तलावाचं तोंड अरुंद आणि पुढे मी रुंद. पण त्यांनी मला एकदम रुंद केलं नाही. तीस पावलं चालता चालता कडा थोड्या थोड्या लांब सारल्या. मग तोंडाशी मूठभर कोंडा टाकला. तो दोन्ही कडांना घासत पुढे गेला, तेव्हा कुठे काम संपलं म्हणाले. कोंडा मागे फिरला असता, तर माती भरून कड परत जवळ आणली असती. पुढे दरवर्षी गाळ काढला की कोंडा टाकायचाच. मला गुदगुल्या व्हायच्या. तेव्हा गावात माझं कौतुकही फार होतं.

पाच वर्षांपूर्वी सिमेंट आलं. रुंद केला की पाणी जास्त जाईल, असं ठेकेदार म्हणाला आणि गावानंही मान डोलावली. तोंडापासून एका पावलात मला तिप्पट रुंद करून टाकलं. सिमेंटच्या पाटाला कोंडा कायले, म्हणून लोक हसले.

पाणी सुटलं ते उजव्या कडेला धरून सरळ पळालं. एवढं एकदम पसरणं त्याला जमेना. डावीकडचं पाणी जागीच गोल फिरायचं, उलटं तलावाकडे यायचं, दरवर्षी थोडा थोडा गाळ टाकायचं. पायाला मुंग्या येतात आणि मग मुंग्याही थांबतात ना, तसं माझ्या डाव्या कडेचं झालं. राग नाही आला. काहीच नाही आलं.

वच्छलाबाईच्या बांधीत पाणी घ्यायचं तोंड नेमकं त्या डाव्या कडेला. समोर उजवीकडे खेमराजची बांधी, काठोकाठ भरलेली. पाट वाहतो आणि आपल्याकडे धार येत नाही, म्हणजे खेमराजच काहीतरी करतो, असं तिनं मनाशी पक्कं केलं. गाळ वाढून धार पार आटली, तेव्हापासून दोन वर्षं ती त्याच्याशी बोलली नाही.

यंदा तिचं धान निसवायला, लोंब्या फुटायला आलं आणि बांधीला भेगा पडल्या. ती फावडं घेऊन आली आणि खेमराजच्या बांधीच्या तोंडात माती लोटू लागली. खेमराज धावत आला.

"माहा पानी काऊन अडवून राह्यला?"

"म्या हातबी नाही लावला, वयनी."

बकाराम म्हातारा पाळीवरून उतरला. पूर्वी पाणी वाटायचं काम त्याचं. सिमेंट आल्यापासून त्याला कोणी विचारलं नव्हतं. त्यानं दुपट्ट्यातून कोंडा काढला आणि तलावाच्या तोंडाशी टाकला. उजवीकडचा पळाला. डावीकडचा गिरकी घेऊन त्याच्याच पायाशी परत आला.

"पाय बाई," तो म्हणाला, "पानी तुया कडेले लागूनच नाही राह्यला. चोर कोनी नाही."

वच्छलाबाईनं फावडं खाली ठेवलं. बराच वेळ ती त्या फिरणाऱ्या कोंड्याकडे बघत होती.

"याच्या पोरीच्या लग्नालेबी नाही गेली मी," ती म्हणाली.

खेमराज घरी गेला आणि बांबू घेऊन आला. तिघांनी तलावाच्या तोंडापासून वच्छलाबाईच्या बांधीच्या तोंडापर्यंत तिरपा ताटवा, म्हणजे बांबूच्या पट्ट्यांची भिंत, बांधला, त्याला मातीनं लिंपलं. मी पुन्हा हळूहळू रुंद झालो.

निम्मं धान तोवर पोचट झालंच होतं. उरलेलं भरलं.

तर मित्रांनो, मला रुंद करा, माझी ना नाही. पण सावकाश करा. झालं की मूठभर कोंडा टाका, आणि शेजाऱ्याला चोर म्हणण्याआधी तरी नक्की टाका. लग्न काही पुन्हा लागत नाही.

त्या दिवशी ताटवा झाल्यावर दुसरी मूठ वच्छलाबाईनं टाकली. कोंडा ताटव्याला धरून गेला आणि तिच्या बांधीत शिरला. शिरताना एक कण माझ्या डाव्या कडेला घासला. मला कळलं.