बालुभाई नवरा छे?

"फोटोतला हा माणूस आपला बाळू वाटतच नाही," निरुपमा नलिनीच्या कानाशी पुटपुटली. "आणि कोट कुणाचा घातलाय त्याला, वहिनी?"

"कॉम्प्युटरवर चढवलाय, वन्सं. आशय करून घेऊन आला."

"जन्मात कधी कोट घातला नाही त्यानं."

"नाही घातला," नलिनी म्हणाली.

दांडिया बाजारातल्या एका मंडळाच्या हॉलमध्ये बाळकृष्ण शितोळ्यांचं बेसणं, म्हणजे दुखवट्याची बैठक, चाललं होतं. वेळ चार ते सहा. एकीकडे बायका, एकीकडे पुरुष, खाली पांढऱ्या चादरी, समोर हार घातलेला फोटो. लोक येत होते, फोटोला फूल वाहून थोडा वेळ मांडी घालून बसत होते आणि हात जोडून, अवाक्षर न काढता निघून जात होते. मराठी घरांतली ही रीत नव्हे. पण बडोद्याच्या मराठी माणसांनी गुजराती शेजाऱ्यांकडून सकाळचा गाठिया उचलला, बोलण्यातले अर्धे शब्द उचलले, तसं हे बेसणंही उचललं. निरुपमा बाळकृष्णाची धाकटी बहीण. वाढली इथेच, पण पुण्याला दिल्यापासून तिला बडोद्याचं सगळंच थोडं चुकलेलं वाटे. "आपल्यात कुठे असतं हे?" असं तिचं सकाळपासून चाललं होतं, आणि सकाळपासून कोणी तिला उत्तर देत नव्हतं.

नलिनीचं लक्ष ना फोटोकडे होतं, ना नणंदेकडे. पुरुषांच्या बाजूला भिंतीला टेकून धवलभाई बसला होता. तो पादरा गावचा. नंदेसरीच्या ज्या केमिकल फॅक्टरीत बाळकृष्णाचा जन्म गेला, तिथला त्याचा शिफ्ट इन्चार्ज. वयानं बराच लहान, म्हणून हुद्दा मोठा असूनही त्याला बालुभाईच म्हणणारा. त्या दिवशी फोन त्यानंच केला होता. तो फोन कोणी उचलला, हे फक्त त्याला आणि नलिनीला ठाऊक होतं. आज तो सगळ्यांदेखत सांगणार की गप्प बसणार, याच धास्तीत तिचा जीव अडकला होता.

त्या दिवशी बाळकृष्ण रात्रपाळी करून सकाळी घरी आला होता. नेहमीसारखा जेवला आणि खिडकीला जाड पडदा ओढून झोपला. दुपारी त्याचा मोबाइल वाजायला लागला. झोप मोडू नये म्हणून नलिनीनं तो झटकन उचलला आणि स्वयंपाकघरात नेला.

"भाभी, बालुभाई नवरा छे?" धवलभाईनं विचारलं.

गुजरातीत नवरा म्हणजे मोकळा, हाताला काम नसलेला. हा शब्द शिकताना नलिनीची चांगलीच फजिती झाली होती. लग्न होऊन ती कऱ्हाडहून आली त्याच वर्षीची गोष्ट. फॅक्टरीतली दोघं-तिघं दारात उभी राहिली आणि त्यांनी हेच विचारलं, "बालुभाई नवरा छे?" हे काय विचारणं झालं, असं मनात म्हणत नव्या नवरीनं पदर सावरला आणि नुकत्याच शिकलेल्या चार शब्दांच्या बळावर ठणकावून सांगितलं, "हा, मारा ज नवरा छे." होय, माझेच नवरा आहेत. माणसं हसत हसत जिन्यावर बसली. ते एक वेळ चाललं असतं. पण तिच्या मागे दाराशी उभा असलेला बाळकृष्णही हसत होता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ती मोरीत गेली आणि तोंड धुण्याच्या निमित्तानं रडून घेतलं. तेव्हापासून तिनं चारचौघांत गुजराती बोलायचं सोडलं. भाजीवालीशी, दूधवाल्याशी कामापुरतं बोलायची, पुढे नाही. समजायचं सगळं, पण तोंडातून काढायचं नाही. बाळकृष्णानंही घरात तो विषय पुन्हा कधी काढला नाही. तो विसरून गेला, असं ती धरून चालली होती.

त्या दुपारी मात्र तिनं न अडखळता सांगितलं, "हा, नवरा छे." खरं सांगायचं तर तिला मनातून जरा ऐटही वाटली.

"रिलीव्हर आव्यो नथी, भाभी. जरा मोकलो ने."

पाळी बदलायला येणारा माणूस आला नव्हता. "मोकलुं छुं," म्हणून तिनं फोन ठेवला. पाठवते. मग आत जाऊन बाळकृष्णाच्या खांद्याला हात लावला.

"अहो, उठा. फोन आला होता. नवरा आहेत का, विचारत होते. मी आहेत म्हटलं."

"कोणाचा?" त्यानं डोळे न उघडता विचारलं.

"धवलभाईंचा. आणखी कोणाचा!"

त्यावर त्यानं डोळे उघडले आणि तिच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलेल असं वाटलं, पण बोलला नाही. उठला, शर्ट चढवला, स्कूटर काढली. संध्याकाळी फॅक्टरीच्या लोखंडी जिन्यावर जरा दम खायला म्हणून बसला तो उठलाच नाही. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. कोणाची चूक नाही, असंही म्हणाले.

झोपलेत म्हटलं असतं तर धवलभाईनं दुसऱ्या कोणाला बोलावलं असतं. एवढंच होतं. पण हे एवढंच नलिनीला रोज पहाटे जागं करत होतं, आणि ते तिनं पोटच्या मुलालाही सांगितलं नव्हतं.

आता तोच मुलगा माइक हातात घेऊन उभा राहिला. आशय हैदराबादला नोकरीला होता. बेसण्यात कोणी भाषण करत नाही, पण त्यानं हट्टच धरला होता.

"मी लहान असताना आमच्या घरात एकच वाक्य होतं," तो म्हणाला. "'हळू, बाबा झोपलेत.' टीव्ही हळू, दार हळू, हसायचं ते पण हळू. मला बाबा आठवतात ते झोपलेलेच. तुम्ही त्यांना जागं पाहिलंय. प्लीज, काहीतरी सांगा."

मग शेजारचे उदयसिंहराव गुडघ्यावर हात देत उठले. "बाळूचं एक होतं. त्यानं कधी कोणाला ना नाही पाडली," ते म्हणाले. "फोन आला की निघाला. आपली तब्येत, आपली झोप, काही नाही बघायचा. त्या दिवशी पण असंच झालं."

"लहानपणापासून असाच," निरुपमानं डोळ्यांना पदर लावला.

मग सगळ्यांनी तीच री ओढली. कोणी म्हणालं, स्वतःहून धावत गेला. कोणी म्हणालं, कामावरच मरण आलं, भाग्य लागतं. नलिनी चादरीवरची एक सुरकुती बोटानं सपाट करत राहिली. ना पाडायला, नाही म्हणायला, त्याला विचारलं कोणी होतं? तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

मग फॅक्टरीची माणसं बोलायला लागली. ती गुजरातीत सांगत होती. बालुभाई मॅनेजरची हुबेहूब नक्कल करायचे. बालुभाई पावसात बंद पडलेल्या बसमध्ये गाणी म्हणायचे. बालुभाई रात्रपाळीला असले की कोणाला डुलकी लागायची नाही, इतके हसवायचे. नलिनी ऐकत होती. हा माणूस कोण? तिच्या ओळखीचा माणूस रंगाच्या पावडरीनं पिवळ्या झालेल्या बोटांनी जेवायचा, "आमटी आहे का?" एवढं विचारायचा आणि पडदा ओढून घ्यायचा. त्याच्या उशीच्या अभ्र्याला पिवळट डाग पडायचे, ते ती घासघासून काढायची. तिला राग आला, चक्क राग आला. हसणं सगळं बाहेर वाटून यायचा आणि घरी नुसती झोप आणायचा, असं तिला वाटलं.

सगळ्यांत शेवटी धवलभाई उठला. नलिनीचं बोट चादरीवर थांबलं.

"हुं मराठीत बोलतो," तो म्हणाला. "काही खोटं बोललो तर माफ करजो."

त्याच्या गुजरातीत खोटं म्हणजे चुकीचं. मराठी मंडळी ओठांतल्या ओठांत हसली.

"अमच्या प्लांटमध्ये एक रिवाज होता. बालुभाईंना कोणीपण विचारलं, 'बालुभाई, नवरा छो?' तर ते हा पण नाही बोलायचे, ना पण नाही. ते सामने विचारायचे, 'कोनो?' म्हणजे, कोणाचा? आणि आख्खी शिफ्ट एकसाथ ओरडायची, 'नलिनीबेननो!' पछी ते उठायचे. रोज. नवीन माणूस आला की पहेलं हे शिकवायचे, वाल्व नंतर. कारण काय, भाभी नवीन नवीन आले होते तेव्हा..."

त्यानं ती जिन्यावरची गोष्ट सांगितली. 'मारा ज नवरा छे' म्हणताना त्यानं डोक्यावरून पदरही घेऊन दाखवला. हॉल हसला. बेसणं आहे हे विसरून हसला, आणि आठवल्यावर तोंडावर हात धरून हसला. निरुपमाचे खांदे हलत होते. आशय तर कितीतरी दिवसांनी हसत होता.

नलिनी हसली नाही. आधी तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. म्हणजे विसरला नव्हता. इतकी वर्षं रोज, सगळ्या प्लांटभर, तिच्या त्या एका वाक्यावर माणसं हसत होती. आणि मग दुसरा शब्द तिच्यापर्यंत पोचला. कोणाचा. झोपेत डोळे न उघडता त्यानं जे विचारलं होतं ते फोनबद्दल नव्हतंच. बाहेरचा तो हसरा माणूस एकदाच घरात आला होता, आणि तिनं त्याला ओळखलं नव्हतं.

"त्या दिवशी पण मी तेच विचारलं," धवलभाई सांगत होता. तो थांबला. त्यानं बायकांच्या बाजूला पाहिलं, नलिनीकडे पाहिलं, आणि मान खाली घातली. "फोन बालुभाईंनीच उचलला. मी बोललो, नवरा छो? ते बोलले, कोनो? मी बोललो, नलिनीबेननो. तर हसले. बोलले, आवुं छुं, येतो. बस, एवढंच."

हॉलमध्ये कोणीतरी हुंदका दिला. आशय डोळे पुसत मान हलवत होता; त्याला हवी होती तशी गोष्ट मिळाली होती. धवलभाईनं किती मोठं मन करून हे केलं, ते नलिनीला कळत होतं. तिनं गप्प बसायचं, की सुटली. कोणी कधी बोट दाखवणार नव्हतं.

पण तो प्रश्न धवलभाईला विचारलेला नव्हता. तो तिला विचारला होता. तेवढा एकच तिच्या वाट्याला आला होता, आणि तोही आता दुसऱ्याच्या नावावर जात होता.

ती उठून उभी राहिली.

"धवलभाई," ती म्हणाली, "फोन में उपाड्यो हतो." फोन मी उचलला होता.

चारचौघांत तिनं गुजराती बोललेलं आशयनं जन्मात ऐकलं नव्हतं. निरुपमा तिच्या पदराला धरून खाली ओढायला लागली.

"ए सूता हता," नलिनी म्हणाली. ते झोपले होते. "तमे पूछ्युं, नवरा छे? में कह्युं, हा, नवरा छे. पछी में ज उठाड्या." मग मीच उठवलं.

एकही शब्द चुकला नव्हता. ज्या शब्दावर आत्ता हॉल हसला होता, तोच शब्द होता. या वेळी कोणी हसलं नाही. माइक धवलभाईच्या हातात नुसताच घुमत राहिला.

सहा वाजले. बेसण्यातून उठताना 'आवजो', पुन्हा या, असं म्हणत नाहीत, त्यामुळे लोकांची एका परीनं सोय झाली. हात जोडत, खाली बघत एकेक जण निघून गेला. उदयसिंहराव चपला शोधण्यात नको इतका वेळ रमले. धवलभाई शेवटी आला. नलिनीसमोर हात जोडून उभा राहिला. तिनंही हात जोडले. तो गेला.

"काय गरज होती, वहिनी?" निरुपमा म्हणाली. रडून तिचं नाक लाल झालं होतं. निरुपमा फोटो छातीशी धरून रिक्षा बघायला खाली गेली.

हॉल रिकामा करून द्यायचा होता. आशयनं चादरीचं एक टोक उचललं, नलिनीनं दुसरं. त्यानं आईकडे पाहिलं नाही. चादर झटकली, तशा फुलांच्या पाकळ्या जमिनीवर पडल्या.

"आई," तो म्हणाला, "तू उठवलंस तेव्हा बाबा काही बोलले?"

"हो."

"काय बोलले?"

"कोणाचा, म्हणाले."

आशयचे हात थांबले. मघाचं हसू त्याच्या चेहऱ्यावर परत यायला लागलं. आता त्यालाही तो रिवाज ठाऊक झाला होता.

"मग? तू काय म्हणालीस?"

नलिनीनं चादरीची दोन्ही टोकं नीट जुळवली आणि घडी त्याच्या हातात दिली.

"मी म्हटलं, धवलभाईंचा."