वेशीवरचा मार्शल

तालमीचा सेक्रेटरी सम्राट घरी आला तेव्हा मी शेजारच्या दोन मुलींना अपूर्णांक शिकवत होतो. भाकरीचे तुकडे करून शिकवले की अपूर्णांक लवकर कळतात आणि नंतर खाताही येतात. सम्राटने त्यातला एक अष्टमांश उचलला आणि तोंडात टाकला.

"मास्तर, सव्वीस जानेवारीला पोरींची सायकल शर्यत हाय. गावातनं हुपरी रस्त्यानं सात किलोमीटर जायचं आन् परत. तुम्ही वेशीवरच्या वळणाला मार्शल."

"मार्शल म्हणजे मी काय करायचं?"

"निशाण धरायचं. लाल दाखवलं की ट्रॅक्टर थांबला पायजे, हिरवं दाखवलं की पोरगी पुढं. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. सायकलवाल्या पोरीला हात लावायचा न्हाय, आन् शेवटची पोरगी गेल्याबिगर जागा सोडायची न्हाय."

मी हो म्हणालो. हे १९९७ साल. निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली होती आणि हातात खडू नसला की मला करमत नसे. निशाण तर निशाण.

पण हो म्हणण्याचं खरं कारण वर्षाराणी होती. आमच्या गडमुडशिंगीच्या शाळेत चौथीपर्यंत ती माझ्या हाताखाली शिकली. आता दहावीला होती आणि पुढे शिकायला कोल्हापूरला जायची तिची फार इच्छा होती. एस.टी. सकाळी गच्च भरून येते आणि थांब्यावर थांबतच नाही. राहिली सायकल. तिचा बाप बाळासो सायकलीचं नाव काढू देत नव्हता. मी त्याला तीन वेळा समजावलं. तिन्ही वेळा त्याने मला चहा पाजला आणि म्हणाला, "मास्तर, तुमची लाडकी हाय ती. तुम्ही तिच्याच बाजूनं बोलणार."

शेवटी एकदा पारावर, चारचौघांत, वर्षाराणीने त्याला गाठलं. "आबा, मी शर्यतीत उतरले तर?"

"पयली येऊन दाखव. मग जा सायकलनं कालिजात," बाळासो हसत म्हणाला. "न्हाय आलीस तर दहावीवर बास. पुन्हा विषय काढायचा न्हाय."

पारावर दिलेला शब्द आमच्याकडे कागदावर लिहिल्यासारखा असतो. बाळासोलाही तो नंतर मागे घेता आला नसता आणि वर्षाराणीलाही.

सव्वीस तारखेला झेंडावंदन झालं आणि मी वेशीवर उभा राहिलो. वेशीपासून शाळेचं मैदान दीड किलोमीटर. तिथे शेवटची रेघ, मांडव आणि कर्णा. वेशीपाशी मात्र सगळं गाव लोटलं होतं. तालमीचा पिराजी हलगी घेऊन आला होता. ऊसतोडीचे दिवस, त्यामुळे दर पाच मिनिटांनी एक ट्रॅक्टर येई. मी लाल निशाण दाखवी. ड्रायव्हर टेप बंद करून विचारी, "काय मास्तर, मंत्री येणार हाय काय?"

"मंत्री नाही, पोरी येणार आहेत."

"मग थांबतो की."

साडेदहाच्या सुमाराला उसाच्या फडाच्या कडेने एक सायकल दिसली. ओळखायला वेळ लागला नाही. बाळासोची दूध घालायची सायकल, मागे किटलीचे हूक तसेच. वर्षाराणी दांडीवरून वाकून पायडल मारत होती. मागे चिटपाखरू नव्हतं. मी हिरवं निशाण इतक्या जोरात हलवलं की काठी निसटता निसटता राहिली.

आणि तेवढ्यात रस्ता भरला.

पिराजीची हलगी कडाडली. पोरांनी गुलाल उधळला. तानाबाई, बाळासोची थोरली बहीण, ताम्हण घेऊन थेट रस्त्याच्या मध्ये उभी राहिली. ताम्हणात निरांजन, कुंकू, साखर. वर्षाराणीने करकचून ब्रेक दाबला आणि तिचा पाय जमिनीला टेकला.

"आत्या, बाजूला हो! शर्यत चालू हाय!"

"चालू कशी? येशीत पयली आलीस की. जिंकलीस!"

चूक कुणाची म्हणावी? आमच्या गावात कुस्ती मारून पैलवान आला की वेशीवर ओवाळायचं. शर्यतीचे बैल आले की वेशीवर ओवाळायचं. वेशीत जो पहिला शिरेल त्याच्यावर गुलाल, हे इथे लहान पोराला माहीत. शेवटची रेघ पुढे मैदानात आखली आहे, हे सम्राटने कर्ण्यावरून चार वेळा सांगितलं होतं. पण रेघ चुन्याची आणि वेस आजोबा-पणजोबांची.

"तानाबाई, सोड तिला, अजून दीड किलोमीटर आहे," मी म्हणालो.

"मास्तर, वाईच गप बसा. अर्धवट ओवाळून सोडत न्हाईत."

तानाबाई चौथीत माझ्याकडे होती. तेव्हा मी तिला गप बसवत असे. आता दिवस तिचे होते. हात लावायला मला बंदी, आणि गर्दी हटेना. मला घाबरल्यावर पाढे म्हणायची सवय आहे. छत्तीस वर्षांच्या नोकरीत साहेब तपासणीला आले की मी मनात पाढे म्हणायचो. तसाच आताही, वर्षाराणीचा पाय टेकल्यापासून, हुपरी रस्त्याकडे बघत मी तेराचा पाढा पुटपुटत होतो. तो संपला. चौदाचा सुरू झाला. चौदा चोक छप्पनला दुसरी सायकल वळणावर आली.

शिरोळची पवित्रा. गिअरची सायकल, डोक्याला टोपी. तिच्या मागे मोटरसायकलवर तिचा भाऊ मल्लेश. तिलाही जायला वाट नव्हती. ती थांबली. आणि तानाबाईने काय करावं? वर्षाराणीच्या तोंडात साखर घालून ती तशीच पवित्राकडे वळली.

"आगं बया, ही बी दमून आल्या की. ये बाई, तू कुणाची?"

"शिरोळची," पवित्रा म्हणाली, आणि आ केला म्हणून तिच्याही तोंडात साखर गेली.

मल्लेश मोटरसायकल टाकून धावत आला. "मास्तर, हे काय चालवलंय? आमची पोरगी अडवली! वर तक्रार करणार मी!"

"पावणं, अडवली कुठं? ओवाळली," पिराजी म्हणाला.

"शर्यतीत ओवाळतात व्हय?"

"तुमच्यात ओवाळत न्हाईत?"

हा वाद संध्याकाळपर्यंत चालला असता. मी दोन्ही निशाणं वर धरली आणि वर्गात काढायचो तसा आवाज काढला. "सगळे गप्प!" आश्चर्य म्हणजे सगळे गप्प झाले. त्या गर्दीतल्या निम्म्यांना तरी मी कधी ना कधी बाकावर उभं केलं होतं.

"दोघींत जेवढं अंतर होतं तेवढं ठेवून सोडतो," मी म्हणालो. "आधी वर्षाराणी. मग तेवढ्या वेळाने पवित्रा."

"तेवढ्या म्हंजे किती?" मल्लेशने विचारलं. "घड्याळ लावलं होतं?"

माझ्या घड्याळाला सेकंदाचा काटा नव्हता. "पाढे म्हणत होतो," मी सांगितलं.

मल्लेश माझ्याकडे बघतच राहिला. पिराजी माझ्या कानाशी आला. "मास्तर, सोळाच्या पाढ्यापतूर आलतो म्हणून सांगा. तुमच्या मनातलं कोण ऐकाय गेलंय?"

खरंच कुणी ऐकलं नव्हतं. सोळापर्यंत म्हटलं असतं तर दूधवाली सायकलसुद्धा आरामात पहिली आली असती. वर्षाराणी हँडल धरून माझ्याकडे बघत होती. गर्दीच्या कडेला बाळासो उभा होता, गुलालाने निम्मा लाल, आणि तोही माझ्याकडेच बघत होता. ती पोरगी जिंकावी असं त्या वेशीवर माझ्याइतकं कुणालाच वाटत नसेल.

पण मी आयुष्यभर पोरांना सांगत आलो की उत्तर चुकलं तरी चालेल, आकडा खोटा लिहू नका.

"तेराचा पूर्ण," मी म्हणालो, "आणि चौदा चोक छप्पनपर्यंत. त्याच्या पुढे नाही."

"एवढंच?" पिराजीने कपाळाला हात लावला.

"एवढंच?" मल्लेशही म्हणाला, पण वेगळ्या सुरात. त्याला जास्तीची भीती होती.

पवित्रा साखर चघळत म्हणाली, "आण्णा, बरोबर हाय ते. ती मला फडापासनं दिसत होती. तू गप."

"मग सगळ्यांनी मोठ्यानं म्हणायचं," मी म्हणालो, "म्हणजे पाहुण्यांनाही ऐकू येईल. फार पळायचं नाही, रेंगाळायचं नाही. पिराजी, हलगीवर ताल धर."

मी हिरवं निशाण खाली आणलं. वर्षाराणी सुटली. आणि वेशीवर तेराचा पाढा सुरू झाला. बायका, म्हातारे, अडकून पडलेले दोन ट्रॅक्टर ड्रायव्हर, सगळे हलगीच्या तालावर. तेर सातेला निम्मी मंडळी अडखळली. एकट्या तानाबाईने खणखणीत आवाजात "एक्क्याण्णव!" म्हणून सगळ्यांना ओढून पुढे नेलं. चौथीत तिला हेच येत नव्हतं. चौदा चोक छप्पनला मी दुसऱ्यांदा निशाण खाली आणलं आणि पवित्रा बाणासारखी गेली. मागोमाग सगळा गाव मैदानाकडे पळाला. मल्लेशच्या मोटरसायकलवर मागे पिराजी हलगी घेऊन बसला होता.

मी तिथेच राहिलो. शेवटची मुलगी जाईपर्यंत जागा सोडायची नव्हती.

मैदानातला आरडाओरडा ऐकू येत होता, पण कुणाच्या नावाने ते कळत नव्हतं. मग सम्राटचा आवाज कर्ण्यावर आला. "पयला नंबर, अर्ध्या चाकानं, शिरोळची पवित्रा! दुसरा नंबर, आपल्या गावची वर्षाराणी!"

मी निशाणं गुंडाळली आणि पुन्हा उलगडली. अर्धं चाक. चौदा पाचा सत्तर म्हटलं असतं तरी पुरलं असतं. त्यानंतर नऊ मुली गेल्या. प्रत्येकीला मी हिरवं निशाण दाखवलं, शाबासकी दिली, पण लक्ष कशात नव्हतं. शेवटची एक मुलगी अजून यायची होती.

तिची वाट बघत असताना मैदानाकडून बाळासो चालत आला. एकटाच. माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

"पोरगी हरली, मास्तर."

"ऐकलं."

"रडली न्हाई. त्या शिरोळच्या पोरीसंगं हसत बसल्या. तिच्या सायकलीचं गिअर बघाय लागल्या."

"माझ्यामुळे हरली, बाळासो. मी चार आकडे जास्त सांगितले असते तर..."

"तेच म्हणतोय मी." तो रस्त्याकडे बघत बोलत होता. "आकडा तुमच्या तोंडात हुता. पोरगी तुमची लाडकी. पिराजीनं वाट बी दाखवलेली, मी ऐकलं. तरी तुम्ही तिच्या बाजूनं एक आकडा न्हाई वाढवला."

मी हातातलं हिरवं निशाण उगाच नीट केलं.

"तीन येळा घरी येऊन तुम्ही सांगितलंसा की रस्ता बरा हाय, पोरीत दम हाय, ती शिकंल. मला वाटायचं, मास्तर लाडापायी बोलतात. आज कळलं, तुम्हाला तिच्यासाठी बी खोटं बोलता येत न्हाई. मग ते तिन्ही येळचं खरंच असणार की."

"पण पारावर तू शब्द दिला होतास. पहिली आली तर."

"दिलता. आन् माझ्याच बहिणीनं तिला रस्त्यात उभी केली. पारावर सांगतो मी तसं. हसतील, हसू देत." त्याने कपाळावरचा गुलाल पुसला आणि तो आणखी पसरला. "खरं सांगा आता. कालिजापतूर सायकलीनं किती वेळ लागंल?"

"पाऊण तास."

"पावसाळ्यात?"

"एक तास धर. वाटेत चिखल असतो."

"म्हंजे सहाला निघाय पायजे. भाकरी पाचला टाकाय लागणार." तो मनाशी हिशेब करत होता. "दूध घालाय मग मला दुसरी सायकल बघाय पायजे."

एवढ्यात फडाच्या कडेने शेवटची मुलगी दिसली, दमलेली, हळूहळू येणारी. समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता. मी लाल निशाण उचलायच्या आत बाळासो रस्त्याच्या मध्ये जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिला आणि ड्रायव्हरवर ओरडला, "ए, थांब की! दिसंना काय? पोरगी याय लागल्या!"