रिकाम्या पेटीपुढचा गुडघा

रत्नागिरीच्या चर्चमध्ये इजाबेलबाई रेबेलो मुलांना धर्मशिक्षण देत, त्याला बेचाळीस वर्षं झाली होती. पण गेले पाच महिने त्यांना स्वतःलाच प्रार्थना करता येत नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत त्यांचे पती लॉरेन्स दोन दिवसांच्या तापाने गेले. तेव्हापासून रोझरीचे मणी बोटांतून सरकत, ओठ हलत, पण पलीकडे कोणी ऐकतं आहे असं वाटेना. जे आपल्याजवळ उरलं नाही ते मुलांना कुठून द्यायचं? गुड फ्रायडेची उपासना झाली, की फादरना सांगायचं, वर्ग दुसऱ्या कोणाकडे द्या. तसं त्यांनी मनाशी पक्कं केलं आणि शुक्रवारी थोडं बोलायचं आहे, एवढं फादरना सांगून ठेवलं.

ते साल २००१. पहिल्या कम्युनियनसाठी, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्यासाठी, त्या वर्षी पाचच मुलं होती. बुधवारच्या वर्गात बाईंनी वेदीमागच्या सोनेरी पेटीकडे बोट दाखवलं.

"हिला काय म्हणतात?"

"टॅबर्नेकल!" पाचही जण ओरडले.

"हळू. हिच्यात ख्रिस्तप्रसादाची पवित्र भाकर असते, म्हणजे स्वतः प्रभू असतो. म्हणून हिच्यासमोरून जाताना आपण उजवा गुडघा जमिनीला टेकतो. पण गुरुवारच्या मिस्साच्या उपासनेनंतर फादर ख्रिस्तप्रसाद इथून हलवतात. शुक्रवारी, प्रभूच्या मरणाच्या दिवशी, पेटी रिकामी, दार उघडं, बाजूचा तांबडा दिवा विझलेला. तेव्हा पेटीपुढे गुडघा टेकायचा नाही. समजलं?"

"समजलं. आणि जो टेकेल तो ढ!" क्लारा म्हणाली. ही नऊ वर्षांची पोर पावसची. तिचे वडील तिथल्या आंब्याच्या बागेत राखणीला होते. वर्गात सर्वांत जास्त प्रश्न तिचेच.

शुक्रवारी दुपारी दोन वाजताच बाई मुलांना घेऊन चर्चमध्ये आल्या. उपासना तीनला होती. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं, आत मात्र गार काळोखी होती. वेदीवरचं कापड काढलेलं, फुलं नाहीत, मेणबत्त्या नाहीत.

चटया अंथरायच्या होत्या. दोन चटया काखेत घेऊन बाई मधल्या वाटेने पुढे गेल्या, वेदीसमोर पोचल्या आणि त्यांचा उजवा गुडघा टेकला गेला. पार जमिनीला. संधिवाताचा गुडघा, तोंडातून "आई गं" निघालं.

"बाई चुकल्या!" मागून क्लारा खिदळली. "रिकाम्या पेटीला गुडघा टेकला! बाई ढ!"

बाकीची चौघं हसू दाबू लागली. बाई बाकाला धरून उठल्या. त्यांनाही हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी.

"चुकले खरी."

क्लारा जवळ आली. तिने उघड्या पेटीकडे पाहिलं, मग बाईंकडे. आता ती चिडवत नव्हती. "पण बाई, आत कोणी नाही, तुम्हाला तर माहीत होतं. मग कोणाला टेकलात?"

बाईंनी आपल्या दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मी नाही गो टेकला," त्या सावकाश म्हणाल्या. "तो आपसूक टेकला. मला विचारलंच नाही त्याने."

इतक्या वर्षांत त्यांनी त्या पेटीच्या आत कधी नीट पाहिलं नव्हतं. आज दार सताड उघडं होतं. आत पांढऱ्या रेशमाचं अस्तर होतं, वीतभर जागा, स्वच्छ पुसलेली. आकाश आणि समुद्र ज्याने केले तो एवढ्याशा जागेत राहायला येतो! हेच बाई मुलांना शिकवत आल्या होत्या, पण आज ते साक्षात डोळ्यांसमोर होतं आणि त्यांच्या अंगावर काटा आला. जागा रिकामी होती, पण टाकून दिलेली नव्हती. कोणीतरी ती झाडूनपुसून दार उघडं ठेवलं होतं.

"परत येईल ना तो?" क्लाराने विचारलं.

"येईल," बाई म्हणाल्या. शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना कळलं, हे आपण पाठ केलेलं बोललो नाही.

तीन वाजता फादर आले. घंटा वाजली नाही, गाणं झालं नाही. त्या दिवसाच्या रीतीप्रमाणे फादर वेदीसमोर उघड्या फरशीवर पालथे पडले आणि सगळं चर्च गुडघ्यांवर आलं. कोणी खोकलंसुद्धा नाही. बाईंनी डोळे मिटले. ओठ हलवले नाहीत, काही मागितलं नाही. लॉरेन्स नव्हते, ते दुःख तसंच होतं. पण त्या दुःखाच्या तळाशी एक अफाट शांतता पसरली होती, आणि तिच्यात आपण एकटे नाही हे त्यांना कोणी सांगायची गरज पडली नाही. पाणी डोळ्यांतून ओघळत राहिलं, त्यांनी ते पुसलं नाही.

उपासनेनंतर फादर दाराशी उभे होते. "बाई, तुम्हाला माझ्याशी काही बोलायचं होतं ना?"

"होतं, फादर. कम्युनियनच्या मुलांचा एक तास वाढवून हवा. ती क्लारा फार प्रश्न विचारते, आणि तिची उत्तरं मलाही अजून शोधायची आहेत."